पूर्ण, आणि पुढे रेघ

१० ऑक्टोबर २००५, सोमवार

सिहोऱ्याची लाइन आज लागली. शहापूर, दिघोरी, सिहोरा, बँकेच्या तिन्ही शाखा आता भंडाऱ्याच्या मुख्यालयाला जोडल्या. फ्लॉपी बंद.

बारा वर्षं मी संध्याकाळी एसटी स्टँडवर उभा राहिलो. कंडक्टर पाकीट देई. पाकिटात फ्लॉपी, फ्लॉपीवर शाखेचा दिवस. गोंदिया वेगळा झाला तेव्हा तिकडच्या शाखा गेल्या, पाकिटं कमी झाली. आता उरलेलीही नाहीत. साहेब म्हणाले, जागेश्वर, तुझी फेरी वाचली. मी हो म्हटलं.

सिहोऱ्याला नवी मुलगी बसवली आहे. प्रतिक्षा. गावही तेच. नागपूरला नेटवर्किंगचा कोर्स केला, प्रमाणपत्र आहे. साहेबांनी ते माझ्या टेबलावर आणून दाखवलं, घरच्या लग्नाची पत्रिका दाखवावी तसं. मी वाचलं. कागद चांगला होता.

संचालक मंडळ पुढच्या महिन्यात सिस्टम ऑफिसरचं पद काढणार आहे. पद एकच. मला हे गेल्या वर्षापासून माहीत आहे. तिला आल्या दिवशीच कळलं असावं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

सिहोऱ्याला फोन केला. प्रतिक्षा रजेवर. घरच्यांबरोबर दीक्षाभूमीला गेली आहे. लाइन लागून आठवडा नाही झाला आणि रजा.

जेवताना बायकोला, मनालीला, म्हटलं, त्यांच्यात शिकायची हौस फार, पण जबाबदारी म्हटली की.

मनाली म्हणाली, ‘‘त्यांच्यात म्हणजे कोणात?’’

मी म्हटलं, आजकालच्या पोरींत.

तिने भात वाढला. मग म्हणाली, तुम्ही दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेची रजा दरवर्षी घेता. मी म्हटलं, मंडईची गोष्ट वेगळी.

१९ ऑक्टोबर, बुधवार

आजचा प्रकार नीट लिहून ठेवतो.

आमचं जाळं बंडीच्या चाकासारखं आहे. भंडारा मधला तुंबा, तीन शाखा आरे. आरे आपसात भेटत नाहीत. दिघोरीला सिहोऱ्याशी बोलायचं तर भंडाऱ्यावरूनच. टेलिफोनवाल्यांच्या भाड्याच्या, फ्रेम रिलेच्या तारा तशाच घेतल्या, स्वस्त पडतात. प्रत्येक ठिकाणी एक राऊटर, म्हणजे रस्ता सांगणारी पेटी. पेट्यांनी एकमेकींना रस्ते सांगायचे त्याची एक रीत आहे, ओएसपीएफ. त्या रीतीत प्रत्येक पेटीला आधी सांगावं लागतं की आपण कोणत्या प्रकारच्या जाळ्यात आहोत.

मी प्रमुख असलेला प्रकार घेतला. यात पेट्या आपल्यातून एक प्रमुख निवडतात. सगळ्या प्रमुखाला सांगतात, प्रमुख सगळ्यांना सांगतो. हा प्रकार मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. आमची बँक अशीच चालते.

आज दुपारी भारनियमन. मुख्यालयाचं जनरेटर लागलं नाही, बॅटरी संपली, माझी पेटी बंद पडली. वीज आली, पेटी उठली, पण शहापूर आणि दिघोरी गायब. पडद्यावर पाहिलं तर प्रमुख सिहोरा.

मी फोन उचलायच्या आत फोन वाजला. प्रतिक्षा. म्हणाली, ‘‘सर, तुमची पेटी बंद असताना प्रमुख इकडे येऊन बसला. आधी बसला तो आपणहून उठत नाही. तिन्ही शाखांना बंद करून चालू करायला सांगितलंय, उषाबाईंना आणि मंगरूभाऊंना पण. तुमची चालूच राहू द्या.’’

थोड्या वेळात सगळं जागेवर आलं.

तिला इतक्या लवकर कसं सापडलं? ज्याने ठेवलं त्याला लवकर सापडतं. आणि शहापूरच्या मॅनेजर उषाबाई, दिघोरीचा शिपाई मंगरू, यांना तिने परस्पर फोन केले. आजवर लाइन गेली की दोघं मला विचारत.

२० ऑक्टोबर, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. फोनवर ती होती, स्पीकर लावलेला.

पेट्यांना क्रमांक मी दिले होते. मुख्यालय एक, शहापूर दोन, दिघोरी तीन, सिहोरा चार. शाखा उघडल्या त्या क्रमाने. बैठकीत खुर्च्या याच क्रमाने लागतात, चहा याच क्रमाने फिरतो. मुख्यालयाला शेवटचा क्रमांक कोण देईल?

पेट्यांचं उलट आहे. प्रमुख ठरवताना मोठा आकडा जिंकतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण क्रमांक देताना मनात आलं नाही.

ती म्हणाली, ‘‘यात सरांची चूक नाही, साहेब. आपल्याकडे एक नंबर म्हणजे मोठाच असतो. पेटीला ते कोण सांगेल?’’

साहेब हसले. मीही हसलो. मला सांभाळून घ्यायला तिला कुणी सांगितलं होतं?

उपाय तिनेच सांगितला. शाखांच्या पेट्यांना प्राधान्य शून्य द्यायचं, म्हणजे त्या निवडणुकीला उभ्याच राहत नाहीत. पहिलं शून्य तिने सिहोऱ्याला लावलं, स्वतःच्या पेटीला. साहेबांनी ते लक्षात घेतलं. लक्षात घ्यावं म्हणूनच लावलं असेल.

२६ ऑक्टोबर, बुधवार

प्रतिक्षा भंडाऱ्याला आली होती. साहेबांकडे अर्धा तास. मग माझ्याकडे येणार असं दिसलं. मी केशरबाईंना सांगितलं, कामात आहे म्हणा. केशरबाई चहापाणी बघतात, खोटं बोलायला त्यांना जड जातं, पण बोलल्या.

ती दारात थांबल्याचं काचेतून दिसत होतं. मी पडद्याकडे पाहत राहिलो. पडदा बंद होता.

ती गेल्यावर केशरबाई आत आल्या. दोन पानांचा कागद टेबलावर ठेवला. म्हणाल्या, ‘‘प्रतिक्षाबाईनं दाराशी पिशवी ठेवली, म्हने का—’’

मी पुढे बोलू दिलं नाही. बाजाराची नायलॉनची पिशवी, खालून पाणी गळत होतं, गाळाचा वास. भाजी असेल, बसमधून उतरून घेतलेली. फरशीवर केबल आहेत. मी म्हटलं, ऑफिस म्हणजे धर्मशाळा नाही, ती पिशवी उचला आधी.

‘‘कुठं नेऊ?’’

‘‘कुठंही न्या. घरी न्या.’’

त्यांनी पिशवीखालची फरशी पुसली. मग घेऊन गेल्या.

कागद वाचला. तिला जाळ्याचा प्रकारच बदलायचा आहे. पॉइंट-टू-मल्टिपॉइंट. यात प्रमुख नसतो. तुंबा आणि आरा, प्रत्येक जोडी आपापलं बोलते. भाषा साधी आहे. खाली सही, सहीखाली तारीख, आणि शेवटी एक ओळ: जागेश्वर सरांच्या संमतीने.

संमती अजून मागितलेली नाही.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

केशरबाईंनी डब्यात उकडलेले शिंगाडे आणले. समोर ठेवून म्हणाल्या, खा, तुमचेच हाये. त्यांची बोलायची पद्धत अशीच आहे. चार खाल्ले. बाजारचे असावेत. दिघोरीच्या तळ्यातल्यांची गोडी नव्हती.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

उषाबाईंचा फोन. दिवाळीच्या सुट्ट्यांचं विचारत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, दिघोरीचे शिंगाडे निघाले, प्रतिक्षा गेली होती तिकडे, मंगरूने तिच्याजवळ दिले.

मी म्हटलं, अस्सं.

दिघोरीचं मशीन एकदा मी रविवारी जाऊन दुरुस्त केलं होतं. तेव्हापासून रीत पडली. तळ्यातले पहिले शिंगाडे ओल्या गोणपाटात बांधून जागेश्वरभाऊंना. ते विकत घेता येतात, प्रश्न तो नाही. मंगरूच्या घरचे लोक तळ्यात उतरतात, हातांना काटे लागतात. पहिला तोडा कुणाला द्यायचा हे ते ठरवतात.

यंदा सिहोऱ्याला दिला. महिनाही झाला नाही तिला येऊन.

मनालीला सांगितलं नाही. तिने विचारलं, शिंगाडे नाही आले का यंदा? मी म्हटलं, पाणी कमी आहे तळ्याला.

५ नोव्हेंबर, शनिवार

काल सिहोऱ्याची मंडई होती. उषाबाई नवऱ्याला घेऊन गेल्या. मंगरू दिघोरीहून गेला, एवढ्या दुरून. रात्रभर दंडारीचा खेळ पाहिला म्हणे. जेवण प्रतिक्षाच्या घरी. तिचे वडील भैय्यालाल, त्यांनी मंगरूला खाटेवर बसवून स्वतः ताट वाढलं. हे उषाबाईंनी सांगितलं, आणि दोनदा सांगितलं.

मलाही बोलावलं होतं. प्रतिक्षाने फोन केला होता. मी म्हटलं, बघू. माझ्या ‘बघू’चा अर्थ इथल्या कुणालाही कळतो. तिने पुन्हा विचारायला हवं होतं.

दिघोरी आणि सिहोरा भेटले. भंडाऱ्यावरून न जाता.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांकडे बैठक. ती समोर. पांढरा सलवार-कुडता, वही नाही, पेन नाही. सगळं डोक्यात आहे असं दाखवण्याची ही एक तऱ्हा.

मी विचारलं, तुमच्या प्रकारातही शाखांचं बोलणं भंडाऱ्यावरूनच जाणार. मग फरक काय?

ती म्हणाली, ‘‘रस्ता तोच आहे, सर. फक्त निवडणूक नाही. म्हणून चुकीचा निवडून यायची भीती नाही.’’

म्हणजे फरक एवढाच, की भंडाऱ्यावरूनच जायचं पण भंडाऱ्याला प्रमुख म्हणायचं नाही. हे मी तिथे बोललो नाही. इथे लिहितो.

साहेबांना पटलं. एकोणीस तारखेला, शनिवारी, शाखा बंद झाल्यावर बदल करायचा. तिन्ही शाखांच्या पेट्या ती बदलेल, मुख्यालयाची मी. माझ्याकडे एका ओळीचं काम. सोमवारी संचालकांसमोर प्रयोग. सिहोऱ्याच्या खातेदार गोदावरीबाई, शाखेचं पहिलं खातं त्यांचं, त्या शहापूरच्या काउंटरवरून आपले पैसे काढतील. जमलं तर सगळं असंच पुढे. नाही जमलं तर अध्यक्ष म्हणाले आहेत, फ्लॉपी काय वाईट होती. पदाचा ठराव त्यानंतरच्या बैठकीत.

शनिवारसाठी बँकेची जीप तिला दिली. बारा वर्षांत मी दिघोरीला एसटीने गेलो.

१९ नोव्हेंबर, शनिवार

चार वाजता बसलो. तिने आधी दिघोरी बदललं, मग शहापूर, शेवटी सिहोरा. माझ्या पडद्यावर शेजाऱ्यांची यादी असते. बदल झाला की शेजारी यादीतून जातो आणि परत येतो. परत आला की त्याच्यापुढे ‘पूर्ण’ अशी खूण लागते, म्हणजे ओळख पूर्ण झाली. सिहोरा यायला संध्याकाळ झाली. ती जीपने फिरत होती, मी खुर्चीत होतो. काम दोघांचं.

तिन्ही पूर्ण.

माझी ओळ बदलायची होती. बदलली नाही. बदलायची गरज दिसली नाही. पेट्या दर तीस सेकंदांनी एकमेकींना नमस्कार घालतात. दोन्ही प्रकारांत ही वेळ सारखीच आहे, म्हणून जुळलं. त्या म्हणतात प्रमुख नाही, माझी म्हणते प्रमुख भंडारा, आणि तरी नमस्कार चालू आहे. चालतं आहे त्याला हात लावू नये, हे मी अनुभवाने शिकलो आहे. वेगवेगळ्या मतांनी एका घरात राहता येतं.

कुलूप लावताना आत फोन वाजला. वाजू दिला.

२० नोव्हेंबर, रविवार

दिवसभर शेतावर, थोरल्या भावाकडे. धानाची मळणी चालू आहे. घरी आलो तर मनाली म्हणाली, प्रतिक्षाचा दोनदा फोन आला. विचारत होती, सरांनी तिकडचा प्रकार बदलला का?

मी म्हटलं, उद्या बघतो.

‘‘आत्ता करा न फोन. पोरगी घाबरल्यासारखी वाटली.’’

मी म्हटलं, घाबरायला काय झालं? प्रमाणपत्र आहे तिच्याजवळ.

मनालीने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, ‘‘तुम्ही तिचं नाव काढता तेव्हा तुमचा आवाज बदलते. मोठ्या भावजींनी बैलजोडी घेतली होती, तेव्हा असाच बदलला होता.’’

कुठलं कुठे नेते.

२१ नोव्हेंबर, सोमवार

प्रयोग अकरा वाजता होता. अध्यक्ष, सहा संचालक, साहेब, सगळे शहापूरला. मी मुख्यालयात, पेटीसमोर. यादी पाहिली. तिन्ही पूर्ण. निर्धास्त होतो.

सव्वाअकराला उषाबाईंचा फोन. आवाज दाबलेला. सिहोऱ्याचं खातं उघडत नाही. मी म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा केलं. मागे माणसांचा आवाज येत होता, मग हसणं. मी विचारलं, काय झालं? उषाबाई म्हणाल्या, गोदावरीबाई हातात गुच्छ धरून पंख्याखाली बसल्या आहेत. अध्यक्षांनी विचारलं, आजी, काही त्रास? तर म्हणाल्या, ‘‘मले जीपात बसवून आनलं बाप्पा, पैशाले आनाले भुलले.’’

हे आता जिल्हाभर पसरणार.

मी पहिल्यांदाच रस्त्यांची यादी काढली. शेजाऱ्यांची नव्हे, रस्त्यांची. शाखांकडे जाणारा एकही रस्ता नव्हता. शेजारी तिन्ही पूर्ण, नमस्कार चालू, आणि रस्ता एकही नाही. शनिवारी ही यादी काढली असती तर शनिवारीच दिसलं असतं. शेजारी पूर्ण दिसल्यावर रस्ता विचारावासा वाटला नाही.

दुसरा फोन वाजला. सिहोरा.

‘‘सर, तुमच्याकडे शेजारी काय दाखवते?’’

‘‘पूर्ण.’’

‘‘माझ्याकडे पण पूर्ण. रस्ता एकही नाही. परवापासून नाही.’’

मी कीबोर्ड पुढे ओढला.

‘‘सर, तुमच्याकडचा प्रकार जुनाच आहे का?’’

तिने वाट पाहिली. तिच्यामागे सिहोऱ्याच्या शाखेत कुणीतरी खोकलं. मग तिने आवाज खाली आणला.

‘‘तसं असलं तरी हरकत नाही. मी इकडे तिन्ही तुमच्यासारखे करते. शहापूरला उषाबाई करतील. दिघोरीला मंगरूभाऊ टाइप करतील, मी शिकवलंय त्यांना. प्रमुख असलेला पण चालतो, सर. नसलेला पण चालतो. फक्त दोन्हीकडे एकच पाहिजे. तुम्ही सांगा, मी तसं करते.’’

मंगरू टाइप करतो.

ती काय देत होती हे मला कळत होतं. तिने सगळं मागे घेतलं तर साहेब मंडळाला काय सांगणार? मुलीचा नवा प्रकार चालला नाही, जागेश्वरचा जुना घेतला तेव्हा चाललं. पदाचा निकाल तिथेच लागला असता. तिलाही हे कळत असणार. तरी ती म्हणत होती, तुम्ही सांगा.

मी म्हणू शकत होतो, करा. एक शब्द होता. मला फक्त शब्द बोलायचा होता, हात तिला चालवायचे होते.

मनात गोदावरीबाई नव्हत्या, अध्यक्षही नव्हते. दिघोरीची शाखा होती. काचेच्या टेबलावर वाकून मंगरू एका बोटाने माझा प्रकार परत लिहितो आहे, चुकतो आहे, ती फोनवरून सांगते आहे, तो पुन्हा लिहितो आहे. माझ्यासाठी. आणि कशासाठी, ते त्याला माहीत नाही.

मी फोन खांद्यावर धरला आणि माझी ओळ बदलली.

शेजारी गेले. नमस्काराच्या एका फेरीनंतर शहापूर आलं, मग दिघोरी. सिहोरा सर्वांत शेवटी. रस्ते आले.

‘‘आले, सर,’’ ती म्हणाली. तिने कोण चुकलं हे विचारलं नाही. फोन ठेवला.

यादी परत पाहिली. पूर्वी ‘पूर्ण’ या खुणेपुढे तिरकी रेघ असे, आणि रेघेपुढे कोण प्रमुख, कोण साधा, ते लिहिलेलं असे. आता तिरकी रेघ आहे, आणि तिच्यापुढे नुसती आडवी रेघ. तिघांच्याही पुढे. ती जागा पेटी रिकामी ठेवत नाही. तिथे काही नाही, हे रेघ ओढून सांगते.

साडेअकराला गोदावरीबाईंना पैसे मिळाले. त्यांनी ते पदराला बांधले आणि विचारलं, आता हे परत सिहोऱ्यात भरता येतीन का? लोकांनी टाळ्या वाजवल्या.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

साहेब म्हणाले, काल जोडणीला जरा वेळ लागला, होतं असं. मी विचारलं, कोण म्हणालं? प्रतिक्षा म्हणाली. नवीन बदल आहे, पहिल्यांदा वेळ घेतो.

पहिल्यांदा वेळ घेत नाही. तिला हे माहीत आहे, मला माहीत आहे. तिने असं का सांगितलं असावं, यावर दिवसभर विचार केला. काहीतरी हिशेब असेल. अजून लागला नाही.

३० नोव्हेंबर, बुधवार

ठराव झाला. सिस्टम ऑफिसर, श्री. जागेश्वर. कारण एका शब्दाचं: ज्येष्ठता.

मुलाखत नाही, परीक्षा नाही. आधी बसला तो उठत नाही.

मनालीने शिरा केला. प्रतिक्षाचा फोन आला. अभिनंदन, सर. आवाजात काही शोधलं, सापडलं नाही. मी म्हटलं, तुमचंही काम चांगलं आहे. ती म्हणाली, ‘‘सर, मले एकदा तुमच्याकडे बसून जुन्या सिस्टमचं शिकायचं आहे. फ्लॉपीवाल्या. तुमच्याशिवाय कोणालेच येत नाही ते.’’ पहिल्यांदाच ती माझ्याशी घरच्या बोलीत बोलली. मी म्हटलं, बघू.

या वेळी तिने पुन्हा विचारलं. कधी येऊ?

मी म्हटलं, कळवतो.

९ डिसेंबर, शुक्रवार

नवी खुर्ची आली. हात असलेली. टेबलावर फोनही नवा.

फोन वाजत नाही. लाइन जात नाही, म्हणून कुणी करत नाही. शाखांना काही अडलं तर त्या एकमेकींना विचारतात, नाहीतर सिहोऱ्याला. उषाबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. मला आज पत्रिका आली तेव्हा कळलं. पूर्वी मला मुलगा बघायला येणार तेव्हापासून कळत असे, कारण फ्लॉपी वाचली जात नसे आणि मग अर्धा तास बोलणं होई.

पद माझ्याकडे आणि फोन तिच्याकडे.

दुपारी केशरबाई चहा ठेवून गेल्या. भारनियमन होतं, बॅटरीवर पेटी चालू होती. यादी काढली. पूर्ण, रेघ. पूर्ण, रेघ. पूर्ण, रेघ. बराच वेळ पाहिलं.

मग दिघोरीला फोन लावला. काही बिघडलेलं नसताना मी दिघोरीला फोन केल्याचं आठवत नाही. नंबर मात्र हाताला आठवत होता.

मंगरूने उचलला. म्हणाला, ‘‘लाइन गेली का जी, भाऊ? इकडं तं सुरू दिसून राहिली.’’

मी म्हटलं, नाही, लाइन ठीक आहे.

‘‘मंग?’’

काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. मागे कुणीतरी सायकल लावल्याचा आवाज आला. मी विचारलं, तळ्याला पाणी कसं आहे यंदा?

‘‘पानी हाये न. चांगलं हाये. आता शेवटचा तोडा चालू हाये.’’ मग म्हणाला, ‘‘पहिल्या तोड्याचे तुमाले पाठवले होते, भाऊ. मॅडम भंडाऱ्याले चालल्या होत्या, त्यांच्याच हाती देल्ले. म्हनलं एसटीत वाळून जातीन, तुमी जपून न्या. त्यायनं पिशवीत पानी घालून नेले. तुमी काही बोलले नाही, म्हनून मीबी इचारलं नाही. पोचले न?’’

केशरबाई कप उचलायला आल्या होत्या. दारात थांबल्या.

मी म्हटलं, ‘‘पोचले.’’

‘‘गोड होते?’’

‘‘हो. गोड होते.’’